तीन मेंढ्या

क्लबहाउसमधल्या पत्त्यांच्या खोलीत मैत्रीने बाबागाडी भिंतीला लावली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. गाडीत आठ महिन्यांची रोशनी झोपली होती. समोर भालचंद्रकाका, मधे पत्ते पिसायला त्यांच्या पत्नी सरलाकाकू, आणि दोघा खेळाडूंपुढे राजम्याचे शंभर-शंभर दाणे.

एक वाजता ज्याच्याकडे दाणे जास्त, खोली त्याची. नोएडातल्या त्या सोसायटीत तेवढी एकच खोली दिवसभर देण्यासारखी होती, आणि ती काकांच्या पत्तेवाल्या मंडळींकडे होती. बालवाडीत जन्म घालवलेल्या सरलाकाकू तिथे पाळणाघर चालवायला एका पायावर तयार होत्या. मैत्रीची रजा सोमवारी संपत होती. पाळणाघर नाही, तर नोकरीही नाही.

महिन्यापूर्वी ती खोली मागायला गेली तेव्हा काका म्हणाले होते, "हात जोडून नको मागूस. टेबलावर जिंकून घे. ओमाहा पोकर खेळायचं. येत नाही? मी शिकवतो."

आणि शिकवलंही होतं, रोशनीच्या झोपेतल्या चोरलेल्या अर्ध्या-अर्ध्या तासांत. प्रत्येकाला चार पत्ते, मधे पाच उघडे. हात पाच पत्त्यांचा. त्यात नेमके दोन आपले, नेमके तीन मधले. "एक नाही, तीन नाही. दोन म्हणजे दोन," काका बजावायचे.

सगळं पाठ होतं. तरी तिसऱ्याच डावात तिने हातातले पत्ते उघडले आणि ती हरखली. तीन दश्श्या!

लहानपणी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ती बाबांशेजारी मांडी घालून मेंढीकोट शिकली होती. त्या खेळात दश्शी म्हणजे मेंढी. ज्याने मेंढ्या जमवल्या तो जिंकला. तीन मेंढ्या एका हाताला आल्या की बाबा डोळे मिचकावायचे. त्या डोळ्यांच्या भरवशावर तिने पन्नास दाणे पुढे ढकलले.

पत्ते उघडले. काकांच्या दोन जोड्या निघाल्या.

"तीन मेंढ्या घेऊन बसलीस?" काका हसले नाहीत. "चालतात दोनच. तिसरी तू स्वतःच अडवून ठेवलीस, मग मधे यायला उरली किती? एक! हा मेंढीकोट नाही, पोरी."

"अहो, बोलू नका तिला, खेळा," काकू म्हणाल्या.

"तू पत्ते वाट. न्यायाधीशाने वकिली करू नये."

"न्यायाधीशाला घरी स्वयंपाकही करायचाय. बघा हं."

मैत्रीने उरलेले दाणे मोजले. पन्नास विरुद्ध दीडशे. आता ती वाट बघत बसली. सुटे-सुटे, एकमेकांना न ओळखणारे पत्ते आले की टाकून दिले. शेवटी बोलायची पाळी आपली असली तरच थोडं पुढे झाली. चार दाणे, सहा दाणे. भिंतीवरच्या घड्याळात एकला पाच कमी असताना तिच्यापुढे ऐंशी होते.

"शेवटचा डाव," काकू म्हणाल्या.

इस्पिक दश्शी, इस्पिक गुलाम. बदाम दश्शी, बदाम नव्वी. पुन्हा मेंढ्या, पण या वेळी दोनच, आणि चारही पत्ते एकमेकांचे हात धरून आलेले. तिने बोली वाढवली. काका तेवढेच दाणे टाकून नुसते सोबत आले.

मधे तीन पत्ते पडले: चौकट दश्शी आणि दोन चौक्या. तिचं फुल हाउस झालं, तीन दश्श्या, दोन चौक्या. तिने श्वास लपवला. चौथा पत्ता सत्ती. काका प्रत्येक बोलीला सोबत येत राहिले.

पाचवा पत्ता राजा.

काकांनी चष्मा वर सरकवला. "पॉटमध्ये आहे तेवढं," ते म्हणाले. मधल्या ढिगाएवढी बोली, म्हणजे मैत्रीपुढचं सगळं.

बाबागाडीत रोशनी कुरकुरली. मैत्रीच्या छातीत दूध दाटून आलं, कुर्ता ओला झाला. तिने ओढणी पुढे घेतली.

राजांची जोडी असेल का त्यांच्याकडे? असेल तर त्यांचे तीन राजे, आणि ती संपली. दुसऱ्या नंबरच्या हातावर सगळं पणाला लावू नकोस, हेही काकांनीच सांगितलं होतं.

"सोडतेस?" काका म्हणाले. आवाज मऊ होता, त्यामुळे जास्तच भीती वाटली.

रोशनी आता रडायला लागली. काकू अर्धवट उठल्या.

"मी घेते तिला."

"काकू, एक मिनिट. फक्त एक."

राजांची जोडी आली की मधले पत्ते उघडण्याआधीच बोली वाढव. कुणाला स्वस्तात पुढे येऊ देऊ नकोस. महिनाभर काका हेच सांगत होते, आणि आज दोनदा स्वतः तसंच खेळले होते. या डावात बोली तिने वाढवली होती. काका नुसते सोबत आले होते.

तिने उरलेले सगळे दाणे दोन्ही हातांनी पुढे लोटले. काही टेबलाखाली सांडले.

काकांनी दोन पत्ते उलटले. राजा आणि चौकी. तीन चौक्या, दोन राजे.

मैत्रीने दोन्ही दश्श्या मांडल्या आणि वळून आधी रोशनीला उचललं. पोर खांद्याला लागून हुंदके देत होतं.

"आधी तिकडी बघायची. चौक्यांपेक्षा दश्श्याच मोठ्या," काका म्हणाले. त्यांनी पत्ते गोळा केले, चौकोनी केले, पुन्हा एकदा चौकोनी केले. "मंडळींना काय सांगू मी?"

"सांगा, शिकवलं तुम्हीच," काकू म्हणाल्या. "आणि तो पत्त्यांचा जोड वरच्या कपाटात ठेवा. पोरं तोंडात घालतील."

काका वाकून टेबलाखालचे दाणे वेचू लागले. एकेक करून, शेवटच्या दाण्यापर्यंत. रोशनीच्या घशात अडकायला एकही राहू नये म्हणून.