पानाच्या पोटाचा पापुद्रा

तुफानचं ते पत्र आलं तेव्हा म्हाताऱ्याचे केस अजून काळे होते. कॉलेजपासून घाईत जगणाऱ्या त्या मित्राने घाईतच खरडलं होतं : 'मौनीबाबा, तुझ्या नेच्याच्या कोवळ्या पानाला पोटाकडून पापुद्रा आहे का, एवढंच कळव. नसेल तर ही नवी प्रजाती!'

नेचा, म्हणजे ते फर्न, म्हाताऱ्यानेच शोधलं होतं. पण तो वाढायचा उंच कड्यावर आणि खाली गळून यायची ती जून पानं. त्यांच्या मागच्या, बीजाणूंच्या तपकिरी ठिपक्यांवर पापुद्रा नव्हता. तो मुळातच नसतो, की जून झाल्यावर झडतो? 'कोवळं पान मी पाहिलेलं नाही' एवढं लिहायचीही त्याला लाज वाटली. आज लिहू, उद्या लिहू करत राहिला. शेवटी तुफानने त्याचं गप्प बसणं म्हणजे 'नाही' असं धरलं, प्रजाती जाहीर केली आणि वर तिला मौनीबाबाचंच नाव देऊन टाकलं. उपकारच!

यंदा तो कडा ढासळला. ढिगाऱ्यातून नेच्याचा गड्डा आणून म्हाताऱ्याने मोरीच्या खिडकीत कुंडीत लावला. आज नवं पान उलगडलं. त्याने भिंग धरलं आणि तसाच उभा राहिला.

"काय, कीड लागली?" बायकोने विचारलं.

"पापुद्रा आहे."

"असू दे की."

"म्हणजे हा जुन्याच प्रजातीतला. नाव जाणार."

तिने फडकं पिळलं. "दारावरच्या पाटीवरसुद्धा घरमालकाचं नाव. एक गवत होतं तुमच्या नावाचं..."

"गवत नव्हे, नेचा."

"तेच ते. आपल्या मोरीत कोण डोकावतंय? टाका उपटून."

त्याचा हात कुंडीपर्यंत गेलाही. मग त्याने कात्री मागितली. पान टिपकागदात ठेवलं आणि सोबत तुफानला चिठ्ठी लिहिली : 'आहे. कळवायला उशीर झाला.' कारण लिहायला घेतलं, खोडलं.

"मागे नाव घाला," बायको आतूनच म्हणाली, "नाहीतर कुणी बुडवलं तेही त्याला कळायचं नाही."

पाकिटामागे त्याने बारीक अक्षरात आपलं नाव लिहिलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आला.