मैनेचा विमा, पाय सोडून

घोडीचा विमा काढायचं ठरलं तेव्हा वस्तीवर सगळ्यात आधी हसली ती भामाबाई. "हितं माणसाचा निघंना, अन् हे घोडीचा काढाय निघाले," असं ती पाण्याच्या टाकीपाशी चारचौघींत म्हणाली. सखूबाईनं ऐकलं आणि सोडून दिलं. भामाबाईच्या दारात कधी शेळी टिकली नाही, तिला घोडी काय कळणार!

खुलताबादच्या रस्त्याला डोंगराच्या पायथ्याशी यांची वस्ती. सखूबाईच्या सासऱ्यानं जन्मभर मेंढरं वळली. नवऱ्यानं, मल्हारीनं, ती विकून घोडी घेतली आणि लग्नाच्या वराती धरल्या. मल्हारी गेल्यावर मुलगा हनुमान लगाम धरू लागला, सून अंबिका झुली-गोंडे सांभाळू लागली, आणि सगळ्यांना पोसत राहिली ती मैना, पांढरीशुभ्र घोडी. बँड वाजला की ती असे पाय उचलायची की नवरदेव राहायचा बाजूला आणि लोक घोडीचेच फोटो काढायचे. पण मैनेचं आता वय झालं होतं. ही उद्या गेली तर दुसरी कशाच्या जोरावर घ्यायची, हा घोर हनुमानला लागला होता. ती काळजी खरी होती, तेवढं माप त्याच्या पदरात घालायलाच हवं.

राजकुमार नावाचा विम्याचा माणूस शहरातल्या क्रांती चौकातून मोटरसायकलवर आला. मैनेचे दात बघितले, चारी बाजूंनी फोटो काढले आणि बाजेवर बसून त्यानं दोन तऱ्हा सांगितल्या. एक स्वस्तातली, घोडी मेली तरच पैसे. दुसरी महागातली, मेली तरी पैसे आणि पाय निकामी होऊन कायमची बसली तरी पैसे.

"दवाखान्याचा खर्च दोन्हीत नाही, मावशी, आधीच सांगतो," तो म्हणाला. "पण जनावर म्हातारं आहे. महागातली दुसरी घ्या."

हनुमान दुसरीला तयार होता. थोडी ओढाताण झाली असती, पण तयार होता. सखूबाईच मध्ये पडली.

"शुभ बोल रे नाऱ्या! लगीनसराई तोंडावर आली अन् तू माझ्या घोडीच्या पायाचं लिहितो? मरण सगळ्यालाच हाय, ते लिही. पर नाचणाऱ्या घोडीच्या नावापुढं लंगडेपण कागदावर नगं. लग्नघरच्याला कळलं तर नवरदेव बसवतील का कुणी तिच्यावर?"

ऐकणाऱ्याला हे खुळं वाटेल. पण वरातीचा धंदा म्हणजे सगळा शकुनाचा बाजार. घोडीच्या अंगावरचा केसांचा भोवरा नको त्या जागी दिसला तरी लोक आल्या पावली परत जातात. हनुमानलाही ते पटलं. अंबिका म्हणाली, "आत्याबाई म्हनत्यात ते बराबर हाय." राजकुमारचं काय जात होतं? त्यानं स्वस्तातली लिहिली. पाय सोडून बाकी सगळ्या घोडीचा वर्षभराचा विमा निघाला.

त्याच सराईत बीड बायपासवरच्या एका लॉनसमोर नवरदेवाच्या मित्रांनी फटाक्यांची लड पेटवली, ती थेट मैनेच्या पोटाखाली. मैना उधळली आणि तिचा पुढचा पाय दुभाजकावर आदळला. नवरदेवाला झेलायला दहा जण धावले. घोडीला धरायला एकटा हनुमान. नवरदेव मग गाडीत बसून मांडवात गेला, आणि घोडीनं अपशकुन केला म्हणून त्या लोकांनी ठरलेले पैसेही पुरते दिले नाहीत. फटाके लावणारे मात्र पंगतीत पोटभर जेवले.

जनावरांच्या डॉक्टरनं पाय चाचपला आणि सांगितलं की घोडी जगेल, पण यापुढं नाचणार नाही आणि पाठीवर माणूसही घेणार नाही. हनुमाननं राजकुमारला फोन लावला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. राजकुमार म्हणाला, "भाऊ, तुम्हीच नको म्हणालात ना? आता ती जिवंत आहे तोवर काही मिळत नाही."

त्या दिवसापासून घराचा नूर पालटला. सुरुवातीला हनुमाननं इंजेक्शनं आणली, मलम आणलं. मग हळूहळू हात आखडला. दुसऱ्याची घोडी भाड्यानं आणून वराती करायच्या तर मिळकत निम्मी व्हायची, त्यात लेकीची शाळा. सखूबाई हळद-तेल कोमट करून मैनेच्या पायाला चोळायची आणि स्वतःच्या जिभेला शिव्या घालायची. आपण गप्प बसलो असतो तर, हेच तिच्या मनात दिवसभर.

हनुमान रोज बाहेरून आला की विचारायचा, "कशी हाय?" आधी सखूबाईला बरं वाटायचं, पोराचा जीव आहे जनावरावर. मग एकदा तिच्या ध्यानात आलं. "बरी हाय" म्हटलं की त्याचा चेहरा उतरायचा.

एका सकाळी ती बादलीत हरभरा भिजवत होती. हनुमान जवळ येऊन उभा राहिला.

"माय, तिचा दाणा कमी कर."

"का रं?"

"लई खाऊन तरी काय करनार हाय ती? विमा सरायला महिना राह्यला."

सखूबाईचा हात बादलीतच राहिला. हा आपला हणम्या. पावसात भिजलेलं कोकरू स्वतःच्या अंगरख्यात घालून आणणारा.

"हणम्या," ती म्हणाली, "हिला काय झालं तर मी सोता त्या क्रांती चौकातल्या हापिसात जाईन. सांगीन, माझ्या पोरानं उपाशी मारली."

"आपल्या पोराचं नाव सांगशील?"

"सांगीन."

"अन् पायाचा विमा नगं कुनी म्हनलं व्हतं?"

"मीच म्हनलं व्हतं. म्हनूनच सांगीन."

मायलेकांचं बोलणं तुटलं. सखूबाईनं आपली गोधडी उचलून मैनेच्या छपरात टाकली. दाण्याची बादली ती कुणाच्या हाती देईना, पाणीसुद्धा आधी हुंगून मग मैनेपुढं ठेवायची. पोटच्या पोरावर असा पहारा ठेवायचा म्हणजे काय, ते तिचं तिलाच ठाऊक. लाज वाटायची, पण पहारा तिनं सोडला नाही.

विम्याची मुदत सरली त्या दिवशी तिनं खंडोबापुढं नारळ फोडला. आता मैनेच्या मरणात कुणाचा दमडीचा फायदा नव्हता. तिनं खोबऱ्याचा तुकडा अंबिकेला दिला, हनुमानसाठीही ठेवला. आज ना उद्या पोरगं निवळेल, असं तिला मनापासून वाटत होतं.

दिवस कलता कलता राजकुमारची मोटरसायकल वस्तीवर आली. हनुमाननं बाज झटकून दिली. अंबिकेनं चहा टाकला. घोडीची तब्येत ठणठणीत असल्याचा दाखला राजकुमारनं येतानाच आणला होता. मैनेकडं त्यानं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. या खेपेलाही स्वस्तातलीच लिहिली. मैनेच्या पायाच्या एका पट्टीलाही ज्याच्याजवळ पैसे नव्हते, त्या हनुमाननं खिशातून नोटा काढून हप्ता भरला. छपरातून सखूबाई सगळं बघत होती.

मोटरसायकल गेल्यावर हनुमान छपरात आला आणि आईशेजारी उकिडवा बसला. महिनाभरात पहिल्यांदाच तो तिच्याशी मऊ आवाजात बोलला.

"माय, काढंल का गं ती हे वरीस?"

पोराला कोणतं उत्तर हवंय, ते सखूबाईला ठाऊक होतं. ते ठाऊक असण्याचंच दुःख तिला घोडीच्या पायापेक्षा मोठं झालं होतं.

"काढंल," ती म्हणाली. "मी हाय तवर तिला काय व्हत नाय."

हनुमान उठला नाही. त्यानं आईचे पांढरे केस बघितले, वाकलेली पाठ बघितली, गुडघ्यावर ठेवलेले तिचे सुरकुतलेले हात बघितले. रोज मैनेकडं बघायचा तसाच, अदमास घेत, तो बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला.