न विचारता लावलेलं अस्तर

"हे माझं नाही," पडद्याआडून आवाज आला. "अदलाबदल झालीय बघा कुणाशी तरी."

"चिठ्ठी बघा ना, सिस्टर," टकळी, म्हणजे आमची काउंटरवरची बडबडी पोरगी, जागेवरूनच ओरडली. "तुमच्याच नावाची आहे."

मी मशीनवर बसून एका पँटचा काठ दुमडत होते. काही चुकलं असेल असं तेव्हाही माझ्या मनात आलं नाही. उलट मी वाटच बघत होते. बाई बाहेर येणार, आरशात बघणार आणि म्हणणार, 'अगंबाई, किती विचार करून केलंत!' त्यासाठी मी चष्मासुद्धा पुसून ठेवला होता. आता ते आठवलं की जीव कानकोंडा होतो.

पडदा सरकला आणि सिस्टर बाहेर आल्या. उंच, सडपातळ, आखूड कापलेले पांढरे केस, त्यांना रंगबिंग काही नाही. अंगात तोच जांभळा टॉप होता, आठवड्यापूर्वी आमच्याच दुकानातून घेतलेला. ऑर्गंझाचा. तेव्हा त्याच्या बाह्या, वरची पाठ आणि गळ्याखालचा वीतभर भाग आरपार दिसत होता. आता दिसत नव्हता.

"हे आत काय आहे?"

"अस्तर," मी म्हटलं. "रंग कसा जुळलाय बघा. तीन गठ्ठे उपसले तेव्हा सापडला."

"मी सांगितलं होतं?"

"नाही, पण..."

"मी काय सांगितलं होतं?"

मी चिठ्ठीकडे बघितलं. टकळीच्या अक्षरात लिहिलं होतं: बाही दीड इंच आखूड, कडेने अर्धा इंच आत. आणि त्याखाली, माझ्या अक्षरात, एक 'अ'.

हा 'अ' म्हणजे अस्तर. दुकानात मला अस्तरबाई म्हणतात ते उगाच नाही. सव्वीस वर्षं मी इथे लोकांचे कपडे मापात बसवून देते. आरपार दिसणारा टॉप आला की मी कपड्याआधी गिऱ्हाईक बघते. तरुण मुलगी असेल तर सांगितलं तेवढंच करते. ती जाणे आणि तिची आई जाणे. पण पन्नाशी उलटलेली बाई दिसली की चिठ्ठीवर 'अ' पडलाच. विचारायचं कशाला? विचारलं तर ती बिचारी ओशाळेल, असं मला वाटायचं. आपणच गुपचूप झाकून द्यावं, म्हणजे तिची लाज राहते आणि आपल्याला पुण्य लागतं. कुणी कधी तक्रार केली नव्हती. आरशात बघायच्या, गप्प व्हायच्या, पिशवी घेऊन निघून जायच्या. त्या गप्प राहण्याला मी आजवर आभार समजत आले होते.

"आज चार वाजता माझा निरोप समारंभ आहे," सिस्टर म्हणाल्या. "चौतीस वर्षं हाडांच्या वॉर्डात काढली. आज शेवटचा दिवस. हा टॉप त्यासाठी घेतला होता."

"मग अस्तर असलेलं बरंच ना, ताई? चारचौघांत, डॉक्टरमंडळींसमोर..." माझ्या जिभेला हाड नाहीच. "दंडाची कातडी अशी... म्हणजे आपल्या वयाला..."

टकळीने डोळे वटारले, पण तोवर बोलून झालं होतं.

सिस्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी दोन शब्द ऐकून घेतले असते, दोन परत केले असते. त्या रागावल्या नाहीत.

"त्या दिवशीही तुम्ही हेच म्हणालात," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"माप घेतल्यावर. मी आत कपडे बदलत होते. तुम्ही यांना म्हणालात, 'वय विसरतात बायका. दंड लोंबायला लागले तरी हौस फिटत नाही.' पडदा आहे तो. भिंत नाही."

माझे कान तापले. असं म्हटलं होतं मी, अगदी याच शब्दांत. टकळी फिदीफिदी हसली होती आणि तिला हसवलं म्हणून मलाही बरं वाटलं होतं. आता टकळी काउंटरच्या खणात डोकं घालून काहीतरी शोधत होती. त्या खणात फक्त टाचण्या असतात.

"तरी तुम्ही टॉप ठेवून गेलात," मी कसंबसं म्हटलं.

"बोलतात माणसं. आम्हीही वॉर्डात पेशंटच्या मागे काय काय बोलतो. पण पाय डावा मोडलाय तर प्लास्टर डाव्यालाच घालतो ना? मला वाटलं, तोंड काही का बोलेना, हात सांगितलेलं काम करतील."

खणातून टकळीचं हसू फुटलं आणि लगेच दाबलंही गेलं. मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर मी चपला काढून आत गेले असते.

तरी माझी खोड जाईना. "पण आतलं सगळं दिसणार ना, ताई?"

"काय दिसणार?" त्यांनी पडद्यामागच्या पिशवीतून एक स्लिप काढून माझ्या मशीनवर ठेवली. "ही बघा. अंगाच्या रंगाची. पांढरी घातली असती तर आधी तीच दिसली असती. पट्टे रुंद बघून घेतलेत, म्हणजे आतलं काही डोकावणार नाही. खाली साधी काळी पँट. कानात जरा मोठं काहीतरी, गळ्यात काही नाही. आठ दिवस दुसऱ्या एका टॉपवर आरशासमोर हेच चाललंय माझं. सून म्हणते, आई, परीक्षेला बसताय का?" त्या जराशा हसल्या. "हात दिसणार, ते खरं. लोंबतातच. माणसं उचलून उचलून आधी कडक झाले, मग सैल पडले. डॉक्टरांनी रोज बघितलेत ते. कुणाला चक्कर यायची नाही."

"तरी, हाच का घ्यावासा वाटला?"

"आवडला म्हणून."

मोठं काही कारण निघालं असतं तर मी त्यावर बोलले असते. कुणाला तरी दाखवून द्यायचंय, कुणी तरी आग्रह केलाय, असं काही. आवडला म्हणून, यावर काय बोलणार? चिठ्ठीवर तसलं काही लिहायला मी कधी जागाच ठेवली नव्हती.

"तुमच्याकडे नाही असा एखादा?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

खोटं बोलले. माझ्या कपाटात एक राखाडी टॉप आहे, पन्नासाव्या वाढदिवसाला लेकीने आणलेला. आणला त्याच दिवशी मी त्याला पार गळ्यापर्यंत अस्तर लावलं. लेकीने बघितलं, "छान दिसतंय" म्हणाली, आणि त्यानंतर मला कपडा म्हणून कधी आणला नाही. डबे आणते, औषधं आणते, पायाला लावायचं मलम आणते.

"उसवून द्या," सिस्टर म्हणाल्या. "साडेअकरा झालेत. मी इथेच बसते."

टॉप घेऊन मी खिडकीशी बसले. उसवायला लागायच्या आधीच मला पुढचं कळलं होतं, पण सांगायचा धीर होईना. बाह्यांचं आणि पाठीचं अस्तर सुटलं. त्याचे टाके बाही जोडतात त्या मुंढ्याच्या शिवणीत, गळ्याच्या काठात आणि मनगटाच्या दुमडीत होते, त्यांची भोकं आत लपून गेली. छातीवरचं मात्र तसं नव्हतं. अस्तर लोंबू नये म्हणून मी एका मुंढ्यापासून दुसऱ्या मुंढ्यापर्यंत सरळ टीप मारली होती. पट्टी न ठेवता, नुसत्या नजरेने. मारून झाल्यावर टकळीला बोलावून दाखवलीही होती. आता दोरा निघाला आणि टिपेच्या जागी भोकांची ओळ राहिली. सुती कापड असतं तर एका धुण्यात मिटलं असतं. ऑर्गंझा कडक आणि विरळ. सुईने एकदा धागे बाजूला सारले की ते परत जागेवर येत नाहीत. मी नखाने घासून पाहिलं. ओलं फडकं ठेवून वाफ दिली. परत नखाने घासलं.

घासता घासता एकेक बाई आठवायला लागली. मुख्य म्हणजे त्या गणिताच्या बाई. सहलीला जायचं म्हणून त्यांनी पांढरा, पातळ शर्ट आणला होता. मी अस्तर लावून दिला तेव्हा त्या आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं वाईट दिसत होतं का?" मी मोठ्या समजूतदारपणे म्हटलं होतं, "आता नाही ना दिसत." त्या परत आल्या नाहीत. दुसरीकडे राहायला गेल्या असतील असं मी धरून चालले होते. सव्वीस वर्षांत अशा किती जणी दुसरीकडे राहायला गेल्या, ते मोजायची माझी हिंमत झाली नाही.

टॉप घेऊन मी सिस्टरांसमोर उभी राहिले. "अस्तर काढलं. पण ही ओळ राहिली. ती जायची नाही."

त्यांनी कापड उजेडात धरलं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "विचारायला हवं होतं. आणि ते बोलायला नको होतं." माझा आवाज बारीक झाला. टकळीसमोर मी आजवर कुणाची माफी मागितली नव्हती. मग हात जोडायचे की नाही ते न कळून मी भलतंच बोलले, "वर एक नाजूक पट्टी लावू का? दहा मिनिटांचं काम आहे. झाकली जाईल."

"नको," सिस्टर म्हणाल्या. "आणखी झाकू नका."

त्या आत जाऊन कपडे करून आल्या. माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "मानेचं बटण तेवढं लावा. उजवा खांदा वर जात नाही माझा."

मी बटण लावलं. जांभळ्या कापडातून त्यांची पाठ दिसत होती, खांद्याचं हाड दिसत होतं, डावीकडे एक तीळ. स्लिप कुठे सुरू होते ते मला, कपडे बघण्यात जन्म गेलेल्या बाईला, शोधावं लागलं. बाह्यांतून दंड दिसत होते, लोंबलेले, आणि त्यात बघवणार नाही असं काही नव्हतं. सुंदर दिसत होत्या त्या. हे मी तोंडाने म्हणायला हवं होतं. म्हणाले ते एवढंच, "घट्ट नाही ना झालं?"

"नाही. बरोबर बसलंय."

आरशात त्यांनी एकदा त्या ओळीवरून बोट फिरवलं, या मुंढ्यापासून त्या मुंढ्यापर्यंत.

"लांबून नाही दिसत, सिस्टर," टकळी म्हणाली. तिचा आवाजही पडला होता.

"हो," त्या म्हणाल्या. "लांबून नाही दिसत. निरोप द्यायला माणसं जवळ येतात, एवढंच."

कानात त्यांनी मोठ्या चांदीच्या रिंगा घातल्या, पर्स खांद्याला अडकवली, टकळीला आणि मला, दोघींनाही "येते" म्हणाल्या. मलाही म्हणाल्या. दार ढकलून बाहेर पडल्या तेव्हा ताठ चालत होत्या. मी त्यांच्यामागे दारापर्यंत गेले. हाक मारून काय सांगणार होते कोण जाणे. बहुतेक ते मघाचं राहिलेलं.

शेजारी बुटांचं दुकान आहे. त्याच्या काचेपाशी त्या थांबल्या. आत बूट होते, पण त्या बूट बघत नव्हत्या. चांगलं दुपारचं ऊन होतं आणि काच स्वच्छ होती. त्यांनी एक पाऊल मागे घेतलं, परत पुढे झाल्या. मग पर्सचा पट्टा खांद्यावरून सोडवला, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि हॉस्पिटलच्या दिशेने चालायला लागल्या.

पर्स मोठी होती. सगळी ओळ झाकली गेली.