धुऱ्याखालची केबल

मी एक जुना फावडा आहे. माझे पाते सालेकशाच्या लोहाराने ठोकले. दांडा बरेचदा बदलला, पण मी मीच आहे, शंका घेऊ नका! बिरसीजवळ चैनलालभाऊंच्या घरी मी राहतो. नाली खणणे, पाणी वळवणे आणि दरवर्षी दोन बांध्यांमधला, म्हणजे धानाच्या खाचरांमधला, धुरा म्हणजे मातीचा बांध तासून बारीक करणे ही माझी कामे. तेवढीच धानाला जागा वाढते. पलीकडून शेजारच्या श्यामलालभाऊंचा फावडाही तेच करतो, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही.

मित्रांनो, गेल्या हिवाळ्यात बोअरच्या मोटारीची तार इतकी लोंबली, की कापणीचे मशीन बांधीत शिरेना. म्हणून नवी केबल धुऱ्याखालून न्यायचे ठरले. मी धुऱ्याच्या माथ्यापासून अडीच फूट खोल नाली खणली आणि भरपूर शाबासकी मिळवली. आता तपासणी झाली की वीज जोडणार होते. इकडे उन्हाळी धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपे, पाण्यावाचून पिवळे पडत होते.

तपासायला वीज कंपनीच्या प्रेरणा मॅडम आल्या. त्यांनी खाली बांधीत उभे राहून बांधीच्या जमिनीपासून नालीच्या तळापर्यंत टेप लावला.

"हे जेमतेम एक फूट भरतं. इथून अडीच फूट पाहिजे. पुन्हा खणा."

चैनलालभाऊ तापले. "काऊन मॅडम? धुरा का जमीन नोहे? तो का पळून जाऊन राहिला?"

"धुरा आज आहे, उद्या नाही," मॅडम म्हणाल्या.

"माह्या आज्याच्या काळचा आहे तो!"

मलाही राग आला. झालेले काम पुन्हा करायला कोणाला आवडते? तेवढ्यात पऱ्ह्यांना घागरीने पाणी घालणाऱ्या सुंदरबाई आपल्या नवऱ्याला, चैनलालभाऊंना, म्हणाल्या, "आज्याच्या काळी यावरून बैलगाडी जात होती. आता मी चालली तं एक पाय बांधीत पडते. दरसाल धुरा तासते कोण? तुमी, अन् तिकून श्यामलालभाऊ!"

मग पलीकडे उभे असलेले श्यामलालभाऊच आधी खो खो हसले. चैनलालभाऊंनाही हसू आवरेना. "हे तं खरं होय, मॅडम," ते म्हणाले.

दोघांनी मिळून नाली खोल केली. आम्ही दोन फावडे पहिल्यांदाच एका नालीत उतरलो. काय मजा आली म्हणून सांगू! केबलवर वाळू पडली, वाळूवर विटा बसल्या. मॅडमनी पुन्हा मोजून होकार दिला. वीज आली, मोटारीचे पाणी पऱ्ह्यांत धावले आणि सुंदरबाईंनी घागर पालथी घातली.

मित्रांनो, काम झाले की मला धुऊन ठेवत जा, एवढे मागायचा मला हक्क आहे. आणि जमिनीत वीज पुराल तेव्हा खोल खणायचा कंटाळा करू नका. रोवणीला, धानाची रोपे लावताना, त्याच बांधीत बाया अनवाणी, घोटाभर पाण्यात गाणी म्हणत उभ्या असतात. शेजारी धुऱ्याखालून वीज धावते आहे, याची त्यांना आठवणही होत नाही. होऊही नये.