बॉयलरघरामागून पहिला

मंगरूळच्या ज्या हायस्कुलाला सगळे जिनातली शाळा म्हणत, तिथे पूर्वी खरोखरच जीन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना होता. मुंबईच्या मालकाने यंत्रं विकून टाकली, इमारती कोणी घेईना, तेव्हा त्या सरकारने घेतल्या आणि त्यात शाळा भरवली. गठाणींच्या गोदामात वर्ग बसत आणि इंजिनाच्या खोलीत हेडमास्तर. भिंतींना अजून तेलाचा वास होता. वारा सुटला की आढ्यातून जुना कापूस गळायचा आणि भूगोलाचे सर शिंकायचे. बैलगाड्या सोडायची जागा होती, तिचं मैदान झालं. बैलांनी ती इतकी वर्षं तुडवली होती, की खो-खोचे खांब रोवायला लोखंडी सब्बल लागायची.

मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला बॉयलरघर उभं होतं. ते पाडायचं असं बांधकाम खात्याने ठरवलं होतं, आणि ठरवून झाल्यावर खातं पुन्हा आलं नाही. त्यामुळे पळायचा फेरा बॉयलरघराला वळसा घालून जाई. पळणारी पोरं तेवढ्यापुरती दिसेनाशी होत आणि मग दुसऱ्या बाजूने निघत. त्यात कोणाला काही गैर वाटत नसे.

पंच्याहत्तर सालच्या क्रीडासंमेलनात पंधराशे मीटरला दहावीच्या वर्गातून पोरं कमी पडली, तेव्हा पी.टी.च्या हेमसिंग सरांनी कस्तुरचंदला उभं केलं. कस्तुरचंद हा भागचंद किराणावाल्यांचा एकुलता एक मुलगा. अंगाने भरलेला, स्वभावाने गरीब. पळण्याशी त्याचा आजवर काही संबंध आला नव्हता. पण सरांना नाही म्हणणं त्याला पळण्यापेक्षा अवघड वाटलं.

दुसऱ्याच फेरीत त्याचा दम गेला. तिसऱ्या फेरीत तो बॉयलरघरामागे पोचला, तिथे गार सावली होती, आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. बाकीची पोरं धापा टाकत समोरून गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. मग पलीकडे घंटा वाजली. शर्यत संपली असं समजून कस्तुरचंद उठला, चड्डीची माती झटकली आणि घरी जायच्या विचाराने भिंतीआडून बाहेर पडला.

घंटा शेवटच्या फेरीची होती.

लोक एकदम ओरडायला लागले. कस्तुरचंदने मागे पाहिलं, तर आसेगावच्या वाटेवरल्या तांड्यावरचा सेवालाल अनवाणी, वाऱ्यासारखा त्याच्याकडे येत होता. कस्तुरचंद घाबरला. घाबरून पळाला, आणि पळता पळता छातीने फीत तोडली. फेऱ्या मोजायचं काम भूगोलाच्या सरांकडे होतं, पण ते त्या वेळी पाहुण्यांच्या चहाकडे पाहत होते.

"सर," कस्तुरचंद हेमसिंग सरांच्या कानाशी लागला, "मी बसलो होतो."

"बस बाबा, बस," सर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आता बसाचा हक्क हाय तुहा."

पंचायत समितीचे सभापती कप द्यायला आले होते. व्यापाऱ्यांची पोरंसुद्धा मनात आणलं तर काय करू शकतात, यावर ते बराच वेळ बोलले. भागचंद पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत बातमी झाली. दुसऱ्या दिवशी पेंटरने इंजिनाच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर कस्तुरचंदचं नाव रंगवलं. अकोल्याच्या जिल्हा स्पर्धेसाठी त्याची निवड झाली. सेवालाल राखीव.

कस्तुरचंद दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी तो हेडमास्तरांपुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. हेडमास्तर वर्ध्याकडचे, शांत आणि शुद्ध बोलणारे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"खरं बोललास, शाबास," ते म्हणाले. "पण सभापतींच्या हातून गेलेला कप परत घ्यायचा म्हणजे सभापतींना परत बोलवावं लागेल. आणि रंग वाळलाय."

"मंग मी काय करू, सर?"

"सराव कर."

तिथून तो पाण्याच्या टाकीवर गेला. सेवालाल तोटीखाली पाय धूत होता.

"सेवालाल, त्या दिवशी मी..."

"मालूम हाय मले," सेवालाल म्हणाला. "भितीले टेकून बसला होता तू. येता-जाता पाह्यलं ना."

"मंग बोलला काहून नाई?"

"पळता पळता कसं बोलू? अन् मंग सभापती बोलून राह्यले होते." त्याने दुसरा पाय तोटीखाली धरला. "मले वाटलं तुले चक्कर गिक्कर आली. आता बरा हायेस ना?"

एवढं ऐकल्यावर कस्तुरचंदला रडू आलं. सेवालालने त्याला तोंड धुवायला जागा करून दिली.

सराव सुरू झाला. हेमसिंग सर सकाळी शिट्टी घेऊन यायचे आणि राखीवने पुढे पळायचं, कस्तुरचंदने त्याला गाठायचं, असा नियम होता. कस्तुरचंदने त्याला कधीच गाठलं नाही. सर म्हणत, पोरगा ताकद राखून ठेवते. कस्तुरचंदच्या आईने, सूरजबाईंनी, मुलासाठी रोज भिजवलेले बदाम द्यायला सुरुवात केली. ते कस्तुरचंद आणायचा आणि सेवालाल खायचा, त्यामुळे वाया गेले नाहीत. बदाम खाताना सेवालाल एकदा म्हणाला, की दिवाळी झाली की त्याचा बाप रामधन आणि सगळं घर ऊसतोडीला जाईल, त्यालाही जावं लागेल, मग शाळेचं काही खरं नाही. "पन अकोल्याचं मैदान पाहाचं होतं एकदा," तो म्हणाला. "वळणावर भीत गीत काही नाई म्हन्ते तिथं."

अकोल्याला सर आणि ते दोघे एस.टी.ने गेले. मैदानावर चुन्याच्या रेघा होत्या आणि एका टोकापासून दुसरं टोक स्वच्छ दिसत होतं. आता आपलं काय होणार हे कस्तुरचंदलाही स्वच्छ दिसलं. गोळाफेकीच्या गोळ्याचं वजन कमी आहे अशी हेमसिंग सरांना शंका आली आणि ते भांडायला गेले. गोळाफेकीत आपल्या शाळेचं कोणी नव्हतं, पण सरांना अन्याय सहन होत नसे. ते गेलेले पाहून कस्तुरचंद मंडपातल्या टेबलाशी गेला. तिथे घामाघूम झालेले एक गुरुजी बसले होते.

"माहं नाव काटा, अन् राखीवचं घ्या."

"कारण?"

"मले पळता येत नाई."

गुरुजींनी मान वर करून त्याला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, नाव खोडलं आणि सेवालालचं नाव घातलं. "पुढचा," ते म्हणाले. महिनाभर ज्यासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता, ते काम एवढंच होतं.

हेमसिंग सर परत आले तेव्हा पोरं रेघेवर उभी होती.

"कस्तुर, तू इथं? मंग तिथं कोन हाय?"

"सेवालाल, सर. शाळेत मी पळलोच नव्हतो. बॉयलरघराच्या मांगं बसलो होतो."

सरांना ऐकू आलं, पण आत जायला वेळ लागला.

"मले काहून नाई सांगितलं?"

"सांगितलं होतं."

"मंग काय म्हनलो मी?"

"बस म्हनले."

तेवढ्यात पिस्तूल वाजलं. सेवालाल पहिले फेरे मध्येच कुठेतरी राहिला, आणि सर शिट्टी दातांत धरून नुसतेच उभे होते. शेवटच्या फेरीला तो सुटला. एकेकाला मागे टाकत आला, तसे सरांनी शिट्टी काढून कस्तुरचंदच्या हातात दिली आणि बोंब ठोकली. कस्तुरचंदही ओरडला. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्याला माहीत नव्हतं. काटेरी बुटातला अकोल्याचा एक पोरगा तेवढा सेवालालच्या पुढे राहिला. सेवालाल दुसरा आला. पहिल्या दोघांना अमरावतीला विभागाच्या स्पर्धेला जायचं होतं, दिवाळीनंतर.

"दिवाळीनंतर मी कुठचा?" सेवालाल एस.टी.त म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहत बसला.

मंगरूळला उतरेपर्यंत दिवस बुडाला होता. तांड्याकडे जायला काही मिळेना, म्हणून कस्तुरचंदने त्याला घरी आणलं. भागचंद ओट्यावर बसले होते. कस्तुरचंदने चप्पल काढायच्या आत सगळं सांगून टाकलं, कारण चप्पल काढल्यावर धीर राहील याची त्याला खात्री नव्हती.

"हां," भागचंद म्हणाले.

"बाबूजी, तुमाले राग नाई आला?"

"अरे, वरच्या माळ्यावरून गुळाची भेली आनाले सांगतो तर तू मधल्या पायरीवर बसतेस. मले त्याच दिवशी समजलं होतं, हे काही तुहं काम नाई."

"मंग तुमी बोलले काहून नाई?"

"सारं गाव तारीफ करून राह्यलं होतं." भागचंदांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुही तारीफ मी पयल्यांदा ऐकली. म्हनलं, ऐकून घेऊ."

कस्तुरचंदने आता चप्पल काढली.

आत सूरजबाईंची चूल दिवस मावळायच्या आधीच विझली होती, आणि अंधार पडल्यावर त्या जैन घरात कोणी खात नसे. पण पाहुण्याला उपाशी ठेवायचा धर्म त्यांनी कुठे ऐकला नव्हता. त्यांनी सेवालालपुढे डब्यातले शेव-लाडू ठेवले. कस्तुरचंद समोर बसून पाहत राहिला. त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, पण तेही आता बरं वाटत होतं.

भागचंदांनी सेवालालला शर्यत सांगायला लावली. सांगून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली. मग अमरावतीचं विचारलं, आणि सेवालालने ऊसतोडीचं सांगितलं.

"बाई," कस्तुरचंद आईला म्हणाला, "सेवालाल परीक्षेपर्यंत इथं राह्यला तर?"

सूरजबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. भागचंद पावसाळ्याचा अंदाज घ्यावा तसे छताकडे पाहत होते.

"दिवस बुडाच्या आधी जेवाव लागन," ते शेवटी म्हणाले. "अन् कांदा-लसून नाई भेटाचा. जमन का तुले?"

सेवालालने तोंडातला लाडू संपवला. "बापाले विचाराव लागन," तो म्हणाला.

"मी येतो तांड्यावर. सकायी जाऊ."

"आसेगावच्या रस्त्यानं मोटर दुपारी हाय, बाबूजी," कस्तुरचंद म्हणाला.

"मंग पायी जाऊ," भागचंद म्हणाले. "तू बी चाल. पायजे तर मधात बसू."