तुळशीपुढचं प्रमेय

“चुकली तं पयल्यापासून सांग. मधून उचलाची नाई.”

भागीरथाआत्याचा आवाज वच्छलाच्या कानात उमटला आणि कागदावरचा टाक थांबला. मूल गावच्या हायस्कुलात नववीची वार्षिक परीक्षा चालली होती, शेवटचा पेपर भूमितीचा. पानभर प्रमेय लिहून झालं होतं, आणि कुठेतरी चुकलं होतं.

बाहेर कडुलिंबाखाली तिचा बाप, मुखरू, तिला घरी न्यायला बैलबंडी घेऊन बसला होता. सहामाहीला वच्छला याच विषयाचा कोरा कागद ठेवून रडत उठून आली होती. पोरीचं डोकं या विषयाचं नाही, उगाच ताणू नका, असं गुरुजींनी मुखरूला समजावलं, आणि त्यानेही ते वेदवाक्य मानलं. रानात मोहाची फुलं पडून राह्यली, वेचाले हात नाई. आता नापास झाली तं शाळा बंद, असं त्याने सांगून टाकलं होतं.

शाळेसाठी वच्छला मूलमध्येच आत्याकडे राहायची. आत्या विधवा, अक्षरओळख नसलेली, पण नेमाची पक्की. श्रावणातल्या शुक्रवारी कहाणी झाल्याशिवाय तिच्या तोंडात घास जात नसे. अक्षता हातात घेऊन वच्छलाने सांगायचं, आत्याने ‘हं’ म्हणायचं, ही लहानपणापासूनची रीत. सहामाहीनंतर ‘माह्या डोक्यातच नाई’ म्हणून वच्छला रडत बसली, तेव्हा आत्याने तिला रडू दिलं आणि मग विचारलं, “कहाणी का आईच्या पोटातून शिकून आली होतीस? कितीक खेपा चुकली, तवा आली. आजपासून रोज तुळशीपुढे एक परमेय सांगजो. ते झालं का मग मी जेवीन.”

वच्छलाने अंगणात रांगोळीने त्रिकोण काढला आणि पुस्तकातलं सगळं घडाघडा म्हणून टाकलं. पलीकडे बसलेल्या आत्याने ‘हं’ म्हटलं नाही.

“काऊन? असं कशावरून?” तिने विचारलं.

“पुस्तकात तसंच आहे.”

“पुस्तकाले इचारलं नाई मी. अन् मले तं इकडून सारं उलटं दिसून राह्यलं. माह्या बाजूनं सांग.”

त्या रात्री आत्या उपाशी निजली. दुसऱ्या रात्रीही. वच्छलाने रागाने रांगोळी पायाने पुसली. मग आत्याचं सुकलेलं तोंड पाहून पुन्हा काढली. तिसऱ्या दिवशी ती उठून आत्याशेजारी जाऊन बसली, आणि तिकडून बघत, बोटाने दाखवत सांगू लागली. प्रत्येक ‘काऊन’ला उत्तर शोधता शोधता तिचं तिलाच उमगत गेलं. ‘हेच सिद्ध करायचे होते’ म्हटल्यावर आत्याने कहाणी संपल्यासारखे हात जोडले, तुळशीला अक्षता वाहिल्या आणि ताट वाढून घेतलं.

माघात आत्या तापाने गेली. “नेम मोडजो नोको,” एवढंच म्हणाली. वच्छलाने मान हलवली. तेव्हापासून ती शेजारच्या कलाबाईकडे राहत होती, आणि रोज आत्याच्या बंद घराच्या अंगणात जात होती.

आता तिने प्रश्नातल्या आकृतीकडे पुन्हा पाहिलं. त्रिकोण आडवा पडलेला होता. सवयीने तिने खालचीच बाजू पाया धरली होती. काऊन? सारख्या बाजू कोणत्या दिल्यात? पायाच चुकला होता.

मागच्या बाकावरचा मुलगा, पोचू, कागद देऊन निघून गेला. गुरुजी तिच्यापाशी येऊन थांबले. “सोड ते. दुसरा प्रश्न घे,” ते हळूच म्हणाले. रागाने नव्हे, कीव येऊन.

उठून जावं, असं तिला एकदा वाटलं. मग तिने प्रश्नपत्रिका फिरवली. आत्या बसायची त्या बाजूने. आडवा त्रिकोण उभा राहिला. तिने सगळं पान खोडलं आणि पहिल्या ओळीपासून लिहायला घेतलं.

घंटा झाली तेव्हा प्रमेय पुरं झालं होतं. पुढचे दोन प्रश्न राहूनच गेले होते.

मुखरूने बैल जुंपले. “जमलं का वो बाई?”

“माहीत नाई, बाबा. पण उठून नाई आली.”

त्याने काही वेळ तिच्या शाईने माखलेल्या बोटांकडे पाहिलं. “बस. ऊन चढून राह्यलं.”

“थोडं थांबा. आत्याकडे जाऊन येते.”

“तिथं कोण आहे आता?”

वच्छलाने पदराच्या गाठीतल्या अक्षता चाचपल्या आणि अनवाणीच निघाली. सकाळपासून तुळशीला पाणी नव्हतं, आणि आजचं प्रमेय सांगायचं राहिलं होतं.