चौथी गोळी

दुर्गाबाईने नवऱ्याला भांगेची चौथी गोळी दिली, ती निव्वळ मायेपोटी. हकीम बदरोद्दीन यांनी तुरीएवढ्या गोळ्यांची पुरचुंडी देताना बजावलं होतं, "एका टायमाला तीनच, बहन. तुपात. ज्यादा बिलकुल नको." पण आजाऱ्याला तीन कशा द्यायच्या? ताटात तीन भाकरी वाढू नयेत, तिघांनी मिळून चांगल्या कामाला निघू नये. तीन तिगाडा, काम बिगाडा! तिने चौथी उचलली आणि जोड पुरी केली.

धर्मराज परतूरच्या जिनिंगात कापसाच्या गाठी वाहायचा. चार महिन्यांपासून पोटातल्या गाठीने त्याला लोळवलं होतं. जालन्याच्या डॉक्टरने हात टेकले, पण भांगेचं नाव काढताच भडकला. काळीज बंद पडेल म्हणाला, डोकं फिरेल. हकीम म्हणाले, गाठ जाणार नाही, पण झोप लागेल, दोन घास पोटात जातील. शहाणे वाद घालत राहिले आणि धर्मराज धोतराचा सोगा दातात धरून कण्हत राहिला. थोरला दीर रखमाजी डॉक्टरच्या बाजूचा. त्याचा सोबती पुंजाराम गांजापायी वेडा होऊन मेला होता. म्हणून रखमाजी बाजाराला गेल्यावरच दुर्गाबाईने गोळ्या दिल्या.

तासभर काहीच झालं नाही. मग धर्मराज हसायला लागला. हसता हसता एकदम थांबला आणि त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"ही बाई कोन हाय? माझ्या छातीवर कोन बसलंय?"

त्याचे ओठ पांढरे पडले होते, छाती धडधडत होती. मी मारलं ह्यांना, माझ्या हातानं मारलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं.

शेजारची लालबी धावत जाऊन हकीमांना घेऊन आली. पाठोपाठ रखमाजीही आला. त्याने भावाकडे पाहिलं आणि म्हाताऱ्या हकीमांची गचांडी धरली.

"काय घातलं माझ्या भावाला? चल, चौकीत अमीनापुढं उभा करतो तुला!"

हकीमांनी दुर्गाबाईकडे पाहिलं. "बहन, बराबर सांग. तीनच दिल्या ना?"

हो म्हटलं असतं तर ती सुटली असती.

"चार," ती कशीबशी म्हणाली. "भावजी, सोडा त्यान्ला. मीच जास्तीची दिली."

रखमाजीचा हात खाली आला. हकीम सदरा सावरत धर्मराजच्या उशाशी बसले. "डर नको, भाई. उतरंल हे. मी इथंच हाय," असं पुन्हा पुन्हा सांगत राहिले. दुर्गाबाई पदराने वारा घालत होती. प्रत्येक श्वास तिला शेवटचा वाटत होता.

दिवस कलताना धर्मराजने डोळे उघडले. "दुर्गे, भाकर हाय का?"

अकरा दिवसांत त्याने पहिल्यांदाच खायला मागितलं होतं. दुधात कुस्करलेली चतकोर भाकर त्याने सगळी खाल्ली. रखमाजीने मात्र पुरचुंडी उचलली. "हे आधी चुलीत जाऊ द्या."

"न्हाई दादा, राहू दी," धर्मराज म्हणाला. "लई भ्यालतो मी. मेलोच म्हनलं. पर तेवढा वेळ दुखलं न्हाई. भ्यायची सवय व्हईल, दादा. ह्या दुखन्याची व्हत न्हाई."

रखमाजी चुलीपासून मागे फिरला. मग त्याने पुरचुंडी भावजयीच्या हातावर ठेवली. "उद्या मी घरीच राह्यतो," तो म्हणाला. उद्या हे सगळं पुन्हा आपल्याच हाताने करायचं, हे दुर्गाबाईच्या ध्यानात आलं आणि तिने पुरचुंडी सोडून तीन गोळ्या मोजून वेगळ्या काढल्या.